पोएम इलेक्ट्रॉनिक
(इलेक्ट्रॉनीय काव्य). ब्रूसेल्स येथील १९५८ च्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्स ह्या डच कंपनीच्या दालनात सादर झालेला ध्वनी, प्रकाश व वास्तू यांचा संयुक्त प्रयोग. वास्तूतील अवकाश हे संगीतरचनेचेच एक अंग मानणाऱ्या विसाव्या शतकातील प्रयोगांत त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

ध्वनीच्या दिशेचा संगीतात उपयोग करण्याची कल्पना जुनी आहे. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये सोळाव्या शतकात गायक-वादकांचे गट परस्परांपासून दूर बसवून त्यांच्यात जणू संवाद घडवीत. बेर्लिओझच्या रेक्विएममध्ये (१८३७) पितळी वाद्यांचे चार वृंद चार दिशांना योजिलेले आहेत. तथापि ह्या रचनांत ध्वनीचे उगमस्थान स्थिर असे. प्रत्यक्ष ध्वनीच श्रोत्यांभोवती फिरविणे इलेक्ट्रॉनीय साधनांमुळे शक्य झाले.

फिलिप्स कंपनीने १९५६ मध्ये वास्तुशिल्पज्ञ ल कॉर्ब्यूझ्ये याला दालनाच्या उभारणीसाठी पाचारण केले. चंडीगढच्या कामात गुंतलेल्या ल कॉर्ब्यूझ्येने प्रत्यक्ष आराखड्याचे काम आपला सहकारी यानिस झेनाकिस (१९२२–२००१) याच्याकडे सोपविले. झेनाकिस हा स्थापत्य अभियंता व संगीतरचनाकारही होता. त्याच्या मेटास्टासिस (१९५३-५४) ह्या वाद्यवृंदरचनेत तंतुवाद्यांचे स्वर अखंडपणे सरकत जातात. आलेखावर त्यांच्या सरळ रेषांमधून वक्र पृष्ठे निर्माण होतात. हेच तत्त्व त्याने वास्तूस लावले. अपास्तीय अन्वस्ताभ आकाराच्या पृष्ठांनी दालनाचे कवच बनले. सुमारे ५ सेंमी. जाडीचे काँक्रीटचे पूर्वरचित तुकडे पोलादी तारांच्या ताणाने जखडून ते उभारण्यात आले.

संगीतासाठी ल कॉर्ब्यूझ्येने एद्गार व्हारेझ (१८८३–१९६५) याची निवड केली. कंपनीला अधिक रूढ वळणाचा रचनाकार हवा होता. परंतु ल कॉर्ब्यूझ्ये आपल्या निवडीवर ठाम राहिला. १९५७ पासून आइंटहोव्हन येथे व्हारेझने सुमारे आठ मिनिटांची रचना सिद्ध केली. तीत घंटानाद, यंत्रांचे आवाज, मानवी कंठस्वर आणि इलेक्ट्रॉनीय ध्वनी यांची गुंफण आहे. भिंतींवर बसविलेल्या तीनशेहून अधिक ध्वनिक्षेपकांना तीन मार्गांच्या ध्वनिफितीवरून ध्वनी पुरविला जाई, तर कोणते ध्वनिक्षेपक केव्हा चालू व्हावेत, हे दुसऱ्या फितीवरील संकेत ठरवीत. एकापाठोपाठ एक ध्वनिक्षेपक चालू झाल्यामुळे आवाज भिंतीवरून वर चढल्याचा वा डोक्यावरून गेल्याचा भास होई. त्याच वेळी भिंतींवर ल कॉर्ब्यूझ्येने निवडलेली चित्रे व रंगीत प्रकाश पडे. चित्रे व संगीत यांचा काटेकोर मेळ मात्र घातलेला नव्हता. दोन प्रयोगांच्या दरम्यान झेनाकिसची जळत्या कोळशाच्या तडतडण्यातून घडविलेली कॉन्क्रे पीएच ही लघुरचना वाजे.

एका वेळी सुमारे ५०० प्रेक्षक आत घेतले जात. प्रदर्शन चालू असताना लक्षावधी लोकांनी हा प्रयोग अनुभवला. वास्तूच्या श्रेयावरून मात्र ल कॉर्ब्यूझ्ये व झेनाकिस यांच्यात वितुष्ट आले. दालनाच्या श्रेयात पुढे झेनाकिसचे नाव समाविष्ट झाले, तरी १९५९ मध्ये त्याचा ल कॉर्ब्यूझ्येच्या कार्यालयाशी असलेला संबंध संपला.

३० जानेवारी १९५९ रोजी दालन पाडण्यात आले. व्हारेझची रचना पुढे द्विमार्गी ध्वनिमुद्रणाद्वारे सर्वत्र परिचित झाली. पण तिच्यातील ध्वनीचे मार्ग त्या विशिष्ट भिंतींना अनुसरूनच आखलेले असल्याने, ध्वनिमुद्रणात मूळ कलाकृतीचा एक अंशच उरला. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी उपलब्ध कागदपत्रे व ध्वनिफिती यांच्या आधारे संगणकीय आभासी रूपात दालनाची पुनर्रचना करण्यात आली. ओसाका येथील १९७० च्या प्रदर्शनात कार्लहाइन्त्स श्टॉकहाउझेनच्या संगीतासाठी उभारलेले जर्मनीचे गोलाकार श्रवणगृह आणि स्वतः झेनाकिसचे पॉलिटोप हे ध्वनिप्रकाशप्रयोग ह्याच दिशेचे पुढील टप्पे होत. संगीतकृती स्वरलेखनात वा ध्वनिमुद्रणात पूर्णपणे जतन होते, ह्या रूढ समजुतीची मर्यादा पोएम इलेक्ट्रॉनिकने स्पष्ट केली.