गुलकंद : तीन वैद्यकपरंपरांचे औषध

उन्हाळ्यातील दाह, पित्त आणि मलावरोध यांवर महाराष्ट्रात घरोघरी दिला जाणारा गुलकंद आज आयुर्वेदीय औषध म्हणून ओळखला जात असला, तरी ग्रीक, अरबी-इराणी आणि भारतीय अशा तीन वैद्यकपरंपरांच्या देवाणघेवाणीतून तो घडला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने गुलाब थंड आणि स्तंभक, म्हणजे स्राव आवरणारा, मानला आणि वाळलेल्या पाकळ्यांचा मद्यात केलेला काढा डोके, डोळे व हिरड्यांच्या दुखण्यावर सुचविला. पाश्चात्त्य जगात साखर तेव्हा दुर्मीळ असल्याने मुरवणीसाठी मधच वापरात होता; पुढे उसापासून साखर करण्याची भारतीय विद्या इराणात रुजली आणि मधाच्या जोडीने साखरेतील गुलाबपाकही तेथे प्रचारात आला. इब्न सीना (980–1037) याने ‘अल-कानून फित-तिब्ब’ या ग्रंथात क्षयावर हा पाक भरपूर प्रमाणात देण्याचा सल्ला दिला आहे.

हीच परंपरा भारतात युनानी वैद्यक म्हणून स्थिरावली. ताज्या पाकळ्या सौम्य सारक, तर वाळलेल्या स्तंभक, असा भेद हकीम करीत. एकच फूल परस्परविरोधी तक्रारींवर का दिले जाई, हे या भेदामुळे स्पष्ट होते. उन्हात मुरवलेल्या गुलकंदाला ते ‘आफ्ताबी’, तर चांदण्यात मुरवलेल्याला ‘माहताबी’ म्हणत. आफ्ताबी कृतीशी मिळतीजुळती रीत मराठी घरांतही आहे : सुवासिक गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखरेची पूड यांचे एकाआड एक थर काचेच्या बरणीत भरून, तोंडाला दादरा बांधून, बरणी काही आठवडे उन्हात ठेवतात. साखर पाकळ्यांतील पाणी ओढून घेते, त्या पाकात पाकळ्या मुरतात, आणि साखरेने बांधलेले पाणी सूक्ष्मजीवांना वापरता येत नसल्यामुळे मिश्रण दीर्घकाळ टिकते.

आयुर्वेदाने या द्रव्याची पारख स्वतःच्या निकषांवर केली. सोळाव्या शतकातील भावमिश्राने ‘भावप्रकाश’ ग्रंथाच्या पुष्पवर्गात वर्णिलेली शतपत्री किंवा तरुणी म्हणजे गुलाब, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ती शीतल, हृद्य म्हणजे हृदयास हितकर, वर्ण्य म्हणजे कांती उजळणारी आणि पाचक असल्याचे तो सांगतो. द्रव्य कोठून आले यापेक्षा त्याचा रस म्हणजे चव, वीर्य म्हणजे उष्ण-शीत प्रभाव आणि वात-पित्त-कफ या दोषांवरील परिणाम काय, हा प्रश्न वैद्यांना महत्त्वाचा वाटला, म्हणूनच हा स्वीकार केवळ अनुकरण ठरला नाही. प्रवाळाची पूड गुलाबपाण्यात खलून केलेली प्रवाळपिष्टी आणि ती घातलेला प्रवाळयुक्त गुलकंद ही त्याची ठळक उदाहरणे होत. परंपरेची शुद्धता नवे द्रव्य नाकारण्यात नसून ते काटेकोरपणे पारखण्यात असते, हे या औषधांच्या इतिहासातून सिद्ध होते.