शिक्षकही विद्यार्थीच!



शिक्षकांच्या सभेमुळे शाळा लवकर सुटली की मुले आनंदतात आणि पालकांच्या कपाळावर आठी पडते. "मास्तरांना आता काय शिकायचे राहिले?" हा प्रश्न मानपाड्यात मला अनेकदा विचारला गेला आहे. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे इतिहासात डोकवावे लागेल.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली. या कार्यात सावित्रीबाईंच्या सहकारी होत्या फातिमा शेख. त्यांच्याविषयी लेखी पुरावा फार थोडा आहे. पण जो आहे तो बोलका आहे. ऑक्टोबर 1856 मध्ये आजारपणामुळे माहेरी राहिलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्यामागे कामाचा भार फातिमावर पडला असेल ही काळजी, आणि ती तो निमूटपणे पेलील हा विश्वास, दोन्ही त्या पत्रात आहेत. शाळा एकट्याच्या बळावर चालत नाही, याचा याहून चांगला दाखला कोणता?

पुढे 1886 मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी अलिगढला मुस्लिम शिक्षण परिषदेचा पाया घातला. 1903 साली तिचे अधिवेशन मुंबईत भरले, तेव्हा अध्यक्ष होते 'अंजुमन-ए-इस्लाम'चे एक संस्थापक न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. शिक्षणाचा विचार एकत्र बसून करावा, ही सवय समाजाला अशा परिषदांनी लावली.

माध्यमिक शिक्षकांपुरते बोलायचे, तर 1906 साली मुंबईत त्यांच्यासाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले. परंतु पदवी घेऊन शाळेत रुजू झालेल्या शिक्षकाने पुढे कोणाकडून शिकावे? स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (1952-53) माध्यमिक शिक्षणाची तपासणी केली. त्यानंतर 1955 पासून प्रशिक्षण महाविद्यालयांत विस्तार सेवा विभाग उघडू लागले व नोकरीतील शिक्षकांसाठी परिसंवाद आणि कार्यशिबिरे होऊ लागली. कोठारी आयोगाने (1964-66) तर 'शाळासंकुला'ची कल्पना मांडली. माध्यमिक शाळा केंद्रस्थानी ठेवून आसपासच्या प्राथमिक शाळा तिला जोडाव्यात आणि शिक्षकांचा एकाकीपणा संपवावा, असा तिचा हेतू होता. ही शिफारस बहुतांशी कागदावरच राहिली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पुन्हा मांडली असून, प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे.

जपानमध्ये ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रुजत गेली. तेथे एक शिक्षक पाठ घेतो, इतर मागे बसून मुलांकडे पाहतात आणि नंतर सर्वजण मिळून पाठ सुधारतात. दोष पाठाचा शोधायचा, माणसाचा नव्हे, हे त्यातील मर्म आहे.

मला स्वतःला हे उशिरा कळले. नोकरीच्या पहिल्या वर्षी नववीच्या निम्म्या मुलांनी इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत नकाशाचा प्रश्न कोरा सोडला. मी मुलांना आळशी ठरवून मोकळा झालो. भूगोलाचे एक ज्येष्ठ सर म्हणाले, "एक दिवस तुमच्या तासाला मागे बसू का?" मला ते अपमानास्पद वाटले, तरी हो म्हटले. तास संपल्यावर ते एवढेच म्हणाले, "तुम्ही पंचेचाळीस मिनिटे बोललात, पण भिंतीवरचा नकाशा एकदाही उघडला नाही." चूक मुलांची नव्हती, माझी होती. दाराआड एकटाच राहिलो असतो, तर ती वर्षानुवर्षे तशीच चालू राहिली असती, आणि तिची किंमत तुमच्या मुलांनी मोजली असती.

म्हणून पालकांना विनंती, की शिक्षकांची सभा म्हणजे वाया गेलेला वेळ असे मानू नका. मात्र त्या सभेत काय ठरले आणि वर्गात काय बदलले, हे आम्हांला अवश्य विचारा. केवळ परिपत्रके वाचून उठलेली सभा खरोखरच वाया गेलेली असते. शिक्षकबंधूंनाही सांगणे एवढेच, की आठवड्यातून एक तास सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसा.

आणि विद्यार्थिमित्रांनो, उद्या तुमच्या शेजारी एखादे सर वही उघडून बसलेले दिसले, तर हसू नका. तेही तुमच्यासारखेच शिकायला आले आहेत.