पाटण्याचा मणी कशाचा?

१/ चाळीसगाव तालुक्यातील पाटणे अभ्यासकांना दोन कारणांनी परिचित आहे. एक, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची नोंद देणारा इ.स. १२०७ चा शिलालेख. दुसरे कारण त्याहून कितीतरी प्राचीन आहे.

२/ १९७२-७३ मध्ये एस. ए. साळी यांनी येथे उत्खनन केले. अश्मयुगीन थरांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेषा कोरलेला एक तुकडा मिळाला. रेडिओकार्बन पद्धतीने या थराचे वय सुमारे २५,००० वर्षे ठरले.

३/ झिजलेला पांढरा मणी कवचाचा की शिंपल्याचा, हे डोळ्यांना नेहमीच कळत नाही. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. पण उत्तरावर इतिहास अवलंबून आहे. कवच स्थानिक असू शकते. सागरी शिंपला मात्र दूरच्या किनाऱ्याशी असलेला संबंध सांगतो. मणी फोडून पाहावा, तर पुरावाच संपतो.

४/ उपाय २८ फेब्रुवारी १९२८ च्या कोलकात्यातील शोधात आहे. पदार्थावरून विखुरणाऱ्या प्रकाशकणांपैकी सुमारे कोटीत एखादा आपला रंग बदलतो, आणि तो बदल पदार्थाची ओळख देतो. हाच रामन परिणाम.

५/ अंड्याचे कवच कॅल्साइटचे, तर अनेक शिंपले अ‍ॅरागोनाइटचे. दोघांची ठळक रेषा १०८५ प्रतिसेंटिमीटरच्या आसपासच येते. भेद क्षीण रेषांत आहे: कॅल्साइटची २८१ जवळ, अ‍ॅरागोनाइटची २०६ जवळ.

६/ मातीत मुरलेल्या वस्तूची प्रतिदीप्ती नेमक्या याच क्षीण रेषा झाकून टाकते. येथे कृत्रिम बुद्धिमत्ता उपयोगी पडते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या खनिज-वर्णपटसंग्रहावर न्यूरल नेटवर्क शिकवले गेले. पार्श्वभूमी आधी वजा न करता, कच्च्या वर्णपटांवरूनही त्याने खनिजे अचूक ओळखली.

७/ तरी मर्यादा आहेच. शिकवणीत नसलेल्या पदार्थालाही असे यंत्र ओळखीतलेच एखादे नाव देऊ शकते. शिवाय रेषा माणसाने कोरली की वनस्पतीच्या मुळांनी, हे वर्णपट सांगत नाही. भारतातील अनेक ‘कोरीव’ कवचांवरील रेषा पुढे मुळांच्या खुणा ठरल्या. पाटण्याचा तुकडा त्या छाननीत टिकला.

८/ वि. का. राजवाड्यांनी अस्सल कागद पाहिल्यावाचून इतिहास लिहू नये, असा आग्रह आयुष्यभर धरला. त्यांच्या निधनानंतर, १९२७ मध्ये, धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. साधन कागदाचे असो वा कवचाचे, शिस्त तीच. यंत्र पदार्थाचे नाव सुचवील. तो कोणत्या थरात, कशाशेजारी सापडला, हे उत्खनकाच्या वहीतूनच कळेल.