अफूची गुंगी आणि कवीचे स्वप्न

इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या अध्यापकाच्या पोतडीत जी काही हमखास रंगणारी आख्याने असतात, त्यांत कोलरिजच्या ‘कुब्ला खान’चे आख्यान अग्रगण्य होय. १७९७ साली प्रकृती बरी नसल्यामुळे कवी पोरलॉक व लिंटन या गावांच्या दरम्यान एका शेतघरी राहिला. वेदनाशामक औषध घेऊन, त्या खानाच्या प्रासादाविषयी वाचता वाचता खुर्चीतच त्याचा डोळा लागला. झोपेत दोनतीनशे ओळी आपोआप रचल्या गेल्या. जागा होऊन त्या उतरवीत असता पोरलॉकहून कोणी मनुष्य कामानिमित्त आला, आणि तासाभराने कवी परतून पाहतो तो सारे काव्य विरून गेलेले! हे आख्यान आम्ही पंचवीस वर्षे वर्गात लावीत आलो. विद्यार्थी त्या पोरलॉकच्या गृहस्थावर रागावतात. अफूवर कोणी रागावत नाही.

गतवर्षी आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या माणसास शस्त्रक्रियेनंतर काही दिवस मॉर्फिन द्यावे लागले. वेदना शमली, आणि त्याबद्दल आम्ही त्या औषधाचे ऋणी आहोत. परंतु जिला आम्ही झोप समजत होतो ती झोप नव्हे, असे लवकरच ध्यानी आले. ते दिवसभर पेंगत आणि रात्री घटकेघटकेला जागे होत. औषध थांबल्यावर तर चारपाच रात्री त्यांस अशी स्वप्ने पडली की ते दिवा मालवू देईनात. त्या रात्री उशाशी बसून आम्हांस आमचे वर्गातील आख्यान आठवले, आणि खरे सांगावयाचे तर थोडी लाजही वाटली.

घरी परतल्यावर जुनी पुस्तके पुन्हा उघडली. ‘कुब्ला खान’ प्रसिद्ध झाले १८१६ साली, म्हणजे रचनेनंतर सुमारे एकोणीस वर्षांनी, आणि गाढ निद्रेची कथा त्या वेळच्या प्रस्तावनेतील आहे. परंतु याच कवितेची कोलरिजच्या हातची एक प्रत १९३४ साली उजेडात आली. तिच्या शेवटी त्याने लिहिले आहे की अतिसारावर उपाय म्हणून दोन ग्रेन अफू घेतली असता एक प्रकारच्या तंद्रीत ही कविता रचली. येथे निद्रेचे नाव नाही. तंद्री आणि निद्रा यांतील अंतर मराठी वाचकास समजावून सांगण्याचे कारण नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्याच १८१६ च्या पुस्तकात ‘निद्रेच्या यातना’ अशा अर्थाच्या नावाची दुसरी कविता आहे, आणि ती आपण मुद्दाम विरोधासाठी जोडली असल्याचे कवी स्वतःच सांगतो. ती १८०३ च्या सप्टेंबरातील. कोलरिज तेव्हा स्कॉटलंडात एकटाच भटकत होता, अफू सोडण्याच्या खटपटीत होता. आठ दिवसांत अडीचशेहून अधिक मैल त्याने पायी तुडविले. इतक्या श्रमाने कोणाही धडधाकट माणसास मेल्यासारखी झोप लागावी. त्याला मात्र झोपेचीच धास्ती वाटू लागली, कारण स्वतःच्याच किंकाळीने तो जागा होई. या कवितेवर आम्ही आजवर वर्गात पाच मिनिटेसुद्धा खर्चिली नव्हती.

डी क्विन्सीचा कबुलीजबाब १८२१ साली ‘लंडन मॅगझिन’मध्ये आला. मुखवेदनेवर उपाय म्हणून त्याने १८०४ साली लंडनमध्ये प्रथम अफू घेतली; १८१३ पासून ती रोजची झाली. एकदा त्याच्या ग्रासमियरच्या घरी कोणी मलायी मनुष्य वाट चुकून आला. भाषा समजेना म्हणून आमच्या या पंडिताने त्याच्यापुढे ‘इलियड’मधील ओळी म्हटल्या (पंडितांची जात सर्वत्र सारखीच!) आणि निघताना अफूचा खडा दिला, तो त्याने तेथेच गिळला. पुढे तो मलायी कित्येक महिने स्वप्नात येत राहिला, आणि त्याच्यामागून सारे आशिया खंड आले: ब्रह्मा, विष्णू, शिव आणि शेवटी मगर. आमची दैवते त्या बिचाऱ्याच्या पाठीस लागलेली वाचून मौज वाटते. कोणास वाटेल की आमच्या माळव्याच्या अफूनेच हा सूड उगविला. पण ती मुंबई बंदरातून चीनकडे जाई, इंग्लंडच्या बाटल्यांतील अफू बहुतांशी तुर्कस्तानची. मगरीच्या स्वप्नातून तो जागा होई तो भर दुपार झालेली असे, आणि मुले हातात हात घालून रंगीत जोडे दाखविण्यासाठी बिछान्यापाशी उभी असत. त्यांस पाहून बापाला रडू कोसळे. संपूर्ण ग्रंथात आम्हांस हेच स्थळ सर्वांत खरे वाटते. अफू सोडल्यानंतरही आपली स्वप्ने शांत झालेली नाहीत, असे तो अखेरीस नमूद करतो.

इकडे जर्मनीत झेर्ट्युर्नर नावाच्या औषधविक्याने अफूतील सार वेगळे काढले आणि १८१७ च्या निबंधात त्यास स्वप्नांची देवता मॉर्फियस हिच्यावरून नाव दिले. इतके चुकलेले नाव औषधिशास्त्रात क्वचितच सापडेल.

चूक कळण्यास शंभरावर वर्षे जावी लागली. १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखविले की झोपेत ठरावीक काळाने मिटल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलू लागतात, आणि त्या वेळी जागे केल्यास मनुष्य बहुधा स्वप्न सांगतो. पुढे १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पूर्वी अफूजन्य द्रव्यांचे व्यसन असलेल्या माणसांस मॉर्फिन देऊन रात्रभर निरीक्षण केले, तेव्हा मात्रा वाढेल तशी ही स्वप्ननिद्रा घटते व जाग वाढते असे आढळले. २००७ सालच्या प्रयोगात निरोगी माणसांची गाढ झोपही एकाच मात्रेने कमी झाली आणि उथळ झोप तेवढी वाढली. उपनिषदांच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे द्रव्य स्वप्न आणि सुषुप्ती या दोहोंवरही घाला घालते, आणि मनुष्यास जागृतीच्या उंबरठ्यावर पेंगत ठेवते. त्या उंबरठ्यावर चित्रे दिसतात, नाही असे नाही. शरीर हळूहळू औषधास सरावते. मग ते एकाएकी तुटले की आधी झोपच उडते, आणि पुढे दडपलेली स्वप्ननिद्रा व्याजासह उसळून येते. १८०३ मधील किंकाळ्या आम्ही या हिशेबात धरतो.

योगायोग असा की १९५३ मध्येच, त्याच विद्यापीठाच्या छापखान्यातून, एलिझाबेथ श्नायडर या विदुषीचा कोलरिज व अफू यांवरील ग्रंथ निघाला. कविता अफूने दिली ही समजूत तिने हस्तलिखिते आणि कवीचे वाचन तपासून खिळखिळी केली. डी क्विन्सीनेही हे आधीच ओळखले होते: गुरांचा व्यापारी अफू खाऊ लागला तर त्याला गुरेच दिसतील, अशा आशयाचे तो म्हणतो. प्रासाद आणि नदी कोलरिजच्या वाचनातील होती. अफूच्या खात्यावर आम्ही उगाच जमा धरली.

ज्या १८१६ च्या मे महिन्यात ते पुस्तक निघाले, त्याच्या आदल्याच महिन्यात कोलरिज हायगेट येथील गिलमन या शस्त्रवैद्याच्या घरी, मात्रा त्याने मोजून द्यावी म्हणून, राहावयास गेला होता. थोड्या दिवसांसाठी गेला तो १८३४ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला, आणि अधूनमधून गिलमनची नजर चुकवून गावातील औषधविक्याकडून अफूचा अर्क आणीत राहिला.