विहिरीवरची बाई आणि शारदा सदन

जून महिना सरत आला, उन्हाची काहिली जरा कमी झाली, की आपल्या वऱ्हाड-नागपूरकडच्या शाळांची घंटा वाजू लागते. नव्या वह्यांना कागद घातले जातात, जुन्या दप्तराला टाका घातला जातो, आणि घरोघरी एक गुपचूप हिशेबही सुरू होतो. मुलाची फी भरायची हे ठरलेलेच असते. मुलीचे काय करायचे, हा प्रश्न मात्र पुष्कळदा चुलीपाशी हळू आवाजात बोलला जातो. “दहावी झाली, आता पुरे,” असे म्हणणारी माणसे वाईट नसतात. ती थकलेली असतात, घाबरलेली असतात. अशा वेळी आईला आणि मुलीला दोघींनाही धीर हवा असतो. हा धीर आजवर बायकांना कोठून मिळाला, याचा शोध घेऊ लागले की इतिहासात मोठ्या मनोरंजक गोष्टी सापडतात. त्यांतील एक गोष्ट मंडळाच्या भगिनींपुढे ठेवावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही गोष्ट ख्रिस्ती धर्मग्रंथातील आहे, हे आधीच सांगते. कोणी म्हणेल, आपल्या मंडळात तिचे काय काम? पण आपला वर्धा जिल्हा अशा संकोचाचा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचे निमंत्रक आर्यनायकम् हे सिलोनचे ख्रिस्ती गृहस्थ होते. पुढे सेवाग्रामची नयी तालीम त्यांनी व आशादेवींनी उभी केली. मगनवाडीचे कुमारप्पा हेही ख्रिस्ती. ज्या १९४२ च्या आंदोलनात १६ ऑगस्टला आपल्या आष्टीच्या मातीत रक्त सांडले, त्याच आंदोलनात ते तुरुंगात गेले आणि तेथे त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले. गांधीजींना डोंगरावरील प्रवचन किती प्रिय होते, हे तर सर्वांस ठाऊकच आहे. तेव्हा परक्या विहिरीचे पाणी पिण्याची सवय आपल्या जिल्ह्याला जुनीच आहे.

आता विहिरीचीच गोष्ट. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात ती आली आहे. भर दुपारची वेळ. प्रवासाने थकलेला येशू शोमरोन प्रांतातील याकोबाच्या विहिरीपाशी बसला आहे. गावातील एक बाई घागर घेऊन एकटीच पाण्याला येते. तो तिच्याकडे पाणी मागतो. तो यहूदी, ती शोमरोनी. या दोन लोकांत भांड्याचाही व्यवहार नव्हता. शिवाय तिच्या संसाराची कथा अशी, की गाव तिला मानाने वागवीत असेल असे दिसत नाही. ती पाणी देण्याआधी विचारते, तुम्ही माझ्याकडे पाणी कसे मागता? मग विचारते, विहीर खोल, तुमच्यापाशी पोहराही नाही, तर ते जिवंत पाणी आणणार कोठून? पुढे धर्माचाच प्रश्न काढते: देवाची उपासना कोठे करावी, या डोंगरावर की यरुशलेमात? आणि तिला कोणी ‘गप्प बैस’ म्हणत नाही. खरी उपासना स्थळावर अवलंबून नाही, ती अंतःकरणाने करावयाची असते, असे गंभीर उत्तर तिला मिळते. येशूचे शिष्य परत येतात तेव्हा तो एका बाईशी बोलत आहे याचेच त्यांना नवल वाटते. ती मात्र घागर तेथेच टाकून गावात जाते आणि ऐकलेले लोकांना सांगू लागते.

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातील एका विदुषीच्या मनात जाऊन बसली आणि तिच्यातून एक शाळा उभी राहिली. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे शास्त्री. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना उडुपीला पंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला, आणि तो त्यांनी शास्त्राच्याच आधाराने दिला. हे येथे मुद्दाम नमूद करते, कारण धीराचे वचन एकाच धर्माच्या पोथीत असते असे नाही. शोधणाऱ्याची दृष्टी हवी. आई लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना संस्कृत शिकविले व हजारो श्लोक मुखोद्गत करून घेतले. पण १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात आई, वडील आणि वडील बहीण, सारी गेली. उरलेला भाऊ १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी बंगालमधील बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८८२ मध्ये पटकीने पतीही गेला. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या खऱ्या, पण पदवीने दुःख हलके होत नाही.

त्या पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला, आणि हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना मुलींसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हवेत असे ठासून सांगितले. १८८३ मध्ये त्या स्वतः डॉक्टर होण्यासाठी इंग्लंडला गेल्या. तेथे पाहतात तो कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागले आणि वैद्यकीचा बेत कायमचा सोडावा लागला. पहिल्याच वर्षी ज्यांच्या अभ्यासाची दिशा मोडते त्यांना काय वाटते, ते आपल्या घरातील मुलींना विचारावे.

याच काळात लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींनी चालविलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागवून पुन्हा उभे केले जात होते. हे तुम्ही कशासाठी करता, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाचा हाच चौथा अध्याय वाचून दाखविला. हा अध्याय वाचल्यावर ख्रिस्त हाच खरा तारणारा आहे आणि हिंदुस्थानातील दबलेल्या स्त्रियांना तोच उभे करू शकतो, हे आपणांस पटले, असे त्यांनी पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

परंतु त्या विहिरीवरच्या बाईसारख्याच होत्या. प्रश्न विचारणे त्यांनी सोडले नाही. ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्यांचा धर्मविषयांवर पत्रांतून खडाजंगी वाद चाले. ग्रंथ मी माझ्या बुद्धीने वाचीन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून मान डोलावणार नाही, हा त्यांचा बाणा होता. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या एकीकडे शिकत आणि दुसरीकडे संस्कृत शिकवीत. १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या, तेथे आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो समारंभ त्यांनी पाहिला. नंतर व्याख्याने देऊन, पुस्तक लिहून, हिंदुस्थानातील विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला.

आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस ‘शारदा सदन’ उघडले. आरंभ किती लहान! मुली बोटांवर मोजाव्या इतक्या. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई; आठव्या वर्षी वैधव्य आलेली. तिला वाचायला शिकवायचे, पण त्याआधी तिला हे पटवायचे की तू अपशकुनी नाहीस, तुझ्या प्रश्नाला उत्तर मिळेल. नव्या शाळेचा पहिला धडा हाच असतो. बाराखडी त्यानंतर.

पुढच्याच वर्षी सदन पुण्यास आले. मुलींनी आपापला धर्म पाळावा, अशी तेथे मोकळीक होती. रमाबाई स्वतः मात्र सकाळी मुलीबरोबर पवित्र शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत, आणि आपल्या खोलीचे दार त्या लावून घेत नसत. काही मुली जाऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि पंचवीसच्या आसपास मुली पालकांनी काढून नेल्या. हा प्रसंग एका बाजूने सांगणे बरे नव्हे. आपली मुलगी शाळेत जाऊन आपल्याला परकी होईल ही पालकांची भीती खोटी नव्हती. आणि ज्या ग्रंथाने आपल्याला उभे केले तो मुलींपासून लपवून का ठेवावा, हा रमाबाईंचा प्रश्नही खोटा नव्हता. वाईट एवढेच, की या भांडणात पुस्तक हातातून गेले ते त्या मुलींच्या.

पण गोदूबाईंचे पाहा. त्यांनी धर्म बदलला नाही. ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे, सर्वांच्या ‘बाया’ झाल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले. एका ख्रिस्ती बाईला तिच्या ग्रंथातून मिळालेला धीर, तिच्या हिंदू विद्यार्थिनीमार्फत असा किती दूर पोचला! दिवा कोणत्या घरातला, हे उजेडाला विचारून चालत नाही.

या गोष्टीचा आपल्या भागाशीही संबंध आहे. १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. आपला वर्धा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतातच होता. बातमी ऐकताच रमाबाईंना आपले स्वतःचे उपाशी दिवस आठवले. त्या उठून मध्यप्रांतात गेल्या आणि भुकेने सुकलेल्या, अनाथ झालेल्या सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली होती. तेथेच ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील माणसे दोन हजारांच्या घरात गेली. अन्न दिले, वस्त्र दिले, आणि लगेच पाटी दिली. शिवाय विणकाम, तेलघाणी, गुरांची निगा आणि छापखाना. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचावयास मनोरमाबाईंनी शिकविले.

शेवटी रमाबाईंनी जे काम हाती घेतले ते तर नवलाचेच. पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर आधीच झालेले होते, परंतु त्यातील भाषा आपल्या या दुष्काळातून आलेल्या, नुकतीच अक्षरे लावू लागलेल्या बायकांना कळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. संस्कृतात पारंगत असलेल्या या पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द बाजूला सारून साध्या मराठीत संपूर्ण ग्रंथ पुन्हा उतरविण्याचे ठरविले. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या! नवे वर्ग केवळ मुलांचेच सुरू होतात असे नाही. हे काम पुष्कळ वर्षे चालले. खिळे जुळविणाऱ्या, पाने छापणाऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, तरी आईने काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या, आणि १९२४ मध्ये तो संपूर्ण ग्रंथ छापून झाला. ज्यांना एके काळी कोणी घोटभर पाणी दिले नसते, त्यांच्याच हातांनी विहिरीवरच्या बाईची गोष्ट मराठीत छापली गेली.

भगिनींनो, या साऱ्याचा मथितार्थ काय? धर्मग्रंथातील वचन हा काही ताईत नव्हे. दप्तरात ठेवले आणि परीक्षा सोपी झाली, असे होत नाही. रमाबाईंचे कान त्या अध्यायाने बरे झाले नाहीत, १८९३ चे वादळ टळले नाही, लेक वाचली नाही. मिळाले ते एवढेच, की विचारणाऱ्या बाईला उत्तर मिळण्याचा हक्क आहे. आणि एवढ्यावर त्यांनी तीस वर्षांवर शाळा चालविली. धीर म्हणजे संकट नसणे नव्हे, संकटातही दुसऱ्या दिवशी घंटा वाजविणे होय.

आणि त्या गोष्टीतील घागर विसरू नये. ती बाई घागर टाकून गेली म्हणून गावाला चार शब्द ऐकायला मिळाले. आपल्या घरात मुलीच्या डोक्यावरची घागर कोण उतरवून घेणार? ती पाण्याची असेल, धाकट्या भावंडाची असेल, संत्र्याच्या बागेतील मजुरीची असेल किंवा लवकर लग्नाची असेल. नुसते ‘शिक बाई’ म्हणून भागत नाही; तिच्या वाटचे काम कोणी तरी उचलावे लागते. यंदा घंटा वाजेल तेव्हा आपल्या मंडळातील प्रत्येकीने शेजारच्या एका मुलीच्या घरी जाऊन इतकेच विचारावे: “हिची शाळा चालू राहावी, यासाठी तुमच्या घरचे कोणते काम मी करू?”

शारदा सदनही मूठभर मुलींवरच सुरू झाले होते. आपल्याला एक मुलगी मिळाली तरी आरंभास पुरे.