घरघर आणि धार

गेल्या खेपेला आपण तारेच्या कंपनापाशी थांबलो होतो, तिथून पुढे जाऊ. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे काय, तर चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक वायर. वर पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात वीज उमटते. पण वेटोळं भोळं असतं बघा. आसपासच्या विजेची घरघरही ते उचलतं, अमेरिकेत ती ६० हर्ट्झची.

१९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी यावरच्या उपायाच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन वेटोळी शेजारीशेजारी, जोडणी उलट आणि चुंबकाचे ध्रुवही उलट. घरघर एकदाच उलटते, म्हणून दोन्हींकडची एकमेकीला खोडते. तारेचा स्वर दोनदा उलटतो, म्हणजे सुलटाच होतो आणि बेरजेत येतो. नैयायिकांचा अभावाचा अभाव आठवला ना? १९५७ पासून लेस पॉल गिटारवर हा हंबकर बसू लागला.

पण दोन वेटोळी तारेचा जास्त रुंद भाग ऐकतात, त्यामुळे वरच्या स्वरांची धार बोथट होते. जाड, भरीव आवाज हवा त्याने हंबकर घ्यावा. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवरचे तीन पिकअप एकेरी वेटोळ्याचे, घरघरणारे. तरी तो लखलखीत आवाज वादकांनी सोडला नाही. तेव्हा घरघरीला नुसता दोष म्हणायला आम्ही तयार नाही. तिचा स्विच तीनच जागांचा होता. वादक तो मध्येच अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत. कंपनीने पाच जागांचा स्विच दिला तो १९७७ मध्ये!