कोनमध्ये उतरलेले गिरणगाव

आज रविवार. हे पान हातात घेऊन आपण निवांत बसला असाल, तर त्या निवांतपणाचे थोडे श्रेय मुंबईच्या गिरणी कामगारांना द्यायला हवे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली, आठवड्याला एक दिवस सुटी मागितली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ती सुटी आज सगळ्या देशाची झाली आहे. ज्या इमारतींतल्या घामातून ती मिळाली, त्या इमारती मात्र एकेक करून नाहीशा झाल्या.

ही आठवण पनवेलजवळच्या कोन गावातून सांगण्यामागे कारण आहे. २ डिसेंबर २०१६ रोजी ‘म्हाडा’ने गिरणी कामगारांसाठी कोन येथील सुमारे २४०० घरांची सोडत काढली. घरे बांधली होती भाडेतत्त्वावरच्या योजनेसाठी. एकेक खोली १६० चौरस फुटांची. अशा दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचे एक घर झाले. किंमत सहा लाख. करोनाच्या काळात याच इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या, मग दुरुस्ती निघाली, आणि किल्ल्या हाती यायला वर्षे लागली. लालबाग-परळच्या माणसांचा पत्ता असा पन्नासेक किलोमीटरवर, जुन्या पुणे रस्त्याला लागून असलेल्या गावी आला.

या गावाचे आणि गिरण्यांचे नाते तसे जुने आहे. पनवेलची नगरपालिका १८५२ ची. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. ती १८५६ मध्ये सुरू झाली. कोनवरून पुढे जाणारा रस्ता खोपोलीला पोचतो. तिथल्या टाटांच्या जलविद्युत केंद्राची वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. सह्याद्रीचा पाऊस परळचे साचे फिरवू लागला आणि कोळशावर चालणाऱ्या बाष्पयंत्रांची सद्दी हळूहळू संपत गेली. धुराडी मात्र उभी राहिली.

गिरणीची इमारत म्हटले की आपल्याला ते धुराडेच आठवते. पण खरी कारागिरी तिच्या छपरात होती. करवतीच्या दात्यांसारखे एकामागून एक उतरते छप्पर, आणि प्रत्येक दात्याच्या उभ्या बाजूला उत्तरेकडे तोंड केलेल्या काचा. उन्हाची तिरीप आत येऊ नये, पण दिवसभर सारखा उजेड मिळावा, म्हणजे तुटलेला धागा विणकराच्या लगेच नजरेला पडेल, हा हिशेब त्यामागे होता. खाली ओतीव लोखंडाचे खांब, आणि आवारात यंत्रांच्या पाण्यासाठी तळे. दाराशी भोंगा. तीन पाळ्यांचा भोंगा हेच साऱ्या वस्तीचे घड्याळ होते.

या छपराखाली सगळे समान होते, असे मात्र म्हणता येणार नाही. साचेखात्यात पगार बरा. तिथे मदनपुऱ्यातले मोमीन विणकर होते, कोकणातले आणि घाटावरचे मराठे होते. दलित कामगारांना मात्र तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाचे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या अन्यायावर बोट ठेवले. इमारत जपायची तर तिच्यातली ही बंद दारेही आठवणीत जपायला हवीत.

आणि याच वस्तीने गाणारी माणसेही दिली. शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांचे लालबावटा कलापथक गिरणगावच्या मैदानांतून गाजले. बार्शीकडचा मेहबूब हुसेन पटेल इथे अमर शेख झाला आणि त्याचा आवाज संयुक्त महाराष्ट्राचा आवाज ठरला. माझ्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान कवीला त्या आवाजाने मोठा धीर दिला आहे. भाषा कोणाची, हा प्रश्न गिरणगावने कधीच निकालात काढला होता. जो राबतो आणि बोलतो, त्याची.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप आला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. त्यानंतरची कथा जमिनीची आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी ती वाटणी. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची, इमारतीखालची जमीन त्यातून वगळायची, असे ठरले. गिरण्यांचे आवार म्हणजे बहुतेक बांधकामच. साहजिकच शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला तुकडे उरले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल उचलून धरला. ज्या भिंती कामगारांनी आयुष्यभर झिजवल्या, त्या भिंतींनीच शेवटी त्यांचा वाटा कमी केला.

आज शिल्लक काय आहे? लोअर परळच्या फिनिक्स मिलचे धुराडे मॉलच्या आवारात जपलेले दिसते. दादरच्या कोहिनूर मिलच्या जागी आणि वरळीच्या श्रीनिवास मिलच्या जागी गगनचुंबी मनोरे आले. कमला मिलच्या आवारातल्या उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री आग लागली आणि १४ जीव गेले. चैत्यभूमीजवळच्या इंदू मिलच्या जागेवर डॉ. आंबेडकरांच्या स्मारकाचे भूमिपूजन २०१५ मध्ये झाले. साचेखात्याची जुनी दारे आठवली की या एका बदलाचे मोल कळते. परळचे १९२२ सालचे दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या २०७ बीडीडी चाळी शंभरीला पोचल्या. तिथल्या पुनर्विकासातली पहिली घरे वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाली. या चाळींतली खोलीही १६० चौरस फुटांचीच. कोनमध्ये जोडलेल्या दोन खोल्यांचे माप वाचताना हा आकडा ओळखीचा वाटला. शंभर वर्षांत कामगाराच्या वाट्याला आलेली वाढ म्हणजे आणखी एक तेवढीच खोली.

इमारती वाचवाव्यात, याबद्दल दुमत नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले, ते स्वागतार्हच आहे. पण संग्रहालयात यंत्र ठेवता येते. त्या यंत्राला हात लावलेल्या माणसाची आठवण तिथे आपोआप येत नाही. संपाच्या वेळी विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. कितीतरी घरांच्या किल्ल्या वारसांच्याच हाती आल्या. त्रासन खाते, साचेखाते, बदली पास, खाडा, गावकीची खोली, खानावळीचा डबा हे शब्द बोलणारी ही शेवटची पिढी.

म्हणून एक साधी सूचना करतो. कोनच्या या इमारतींत तळमजल्यावर रहिवाशांच्या नावांचे फलक लागतील. त्यावर नावापुढे आडनावाबरोबर गिरणीचे आणि खात्याचेही नाव लिहावे. वारस असेल तर बापाची, आजीची गिरणी लिहावी. स्त्रियाही गिरणीत राबल्या, हे विसरू नये. शाळेतल्या मुलांनी सुटीत हे फलक घेऊन घरोघर जावे आणि ऐकलेले वहीत उतरवून घ्यावे. खर्च रंगाच्या एका डब्याचा आणि काही वह्यांचा. सुटीचा वार तर ठरलेलाच आहे, रविवार.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)